साइन आउट केलं तरी

साइन आउट मी केलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर आईने मलाच विचारलं, नीट बंद केलं होतंस का गं. केलं होतं. कोपऱ्यातल्या गोलातलं माझं नाव गेलं, तिथे कोरा भुरका गोल आला, तो डोळ्यांनी पाहिला आणि मगच खुर्चीवरून उठले. घराला कुलूप लावून ते दोनदा ओढून बघणाऱ्यांपैकी मी आहे.

मी राजूरजवळच्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे, कंत्राटी. दर वर्षी मुदतवाढीचे कागद मेलवर येतात, ते भरून परत चढवावे लागतात आणि मोबाइलवर ते काही केल्या चढत नाहीत. म्हणून स्टँडसमोरचं आमेरभाईचं ऑनलाइनचं दुकान. दुकानात कॉम्प्युटर एकच, त्याचा आणि गिऱ्हाइकांचा मिळून. सुरू केला की आधी त्याच्या लेकीचा, महजबीनचा, ईदच्या फ्रॉकमधला फोटो येतो आणि मग इंटरनेटचं पहिलं पान. त्या दिवशी चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांनी रस्ता भरला होता आणि दुकानातही उभं राहायला जागा नव्हती. काम उरकून मी दारापर्यंत आले आणि सहज मागे वळून पाहिलं.

माझ्या जागी एक म्हातारे बाबा बसले होते. समोर ते पहिलं पान उघडं होतं. वर आमच्या तालुक्याचं, भोकरदनचं, हवामान. त्याखाली लिहिलेलं, ‘तुमच्यासाठी’. आणि त्याच्याखाली चौकोनात एक हात, अर्धा सावळा, अर्धा पांढरा. ‘पांढरे डाग कशाने येतात?’

मी दारातच थबकले.

माझा डाग पाठीवर आहे, डाव्या खांद्याच्या खाली, तळहाताएवढा. मला माहीत, आईला माहीत आणि जालन्याच्या डॉक्टरांना माहीत. डॉक्टर म्हणाले, हा लागत नाही, घाबरू नका. हे मला त्यांनी सांगावं! मी स्वतः वस्तीवस्तीत बायकांना सांगत फिरते की कोड लागत नाही, शेजारी बसा, एका ताटात जेवा. सांगताना माझ्या अंगातल्या ड्रेसचा गळा मागून मानेपर्यंत बंद असतो, एवढंच. मोबाइलवर मात्र रोज तेच शोधायचे. सकाळी इथे मेल उघडला तेव्हा त्या पानाने माझ्यासमोर तेच वाढून ठेवलं होतं. मी घाईघाईने वर सरकवलं आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून आजूबाजूला बघितलं. पण ते मी माझ्या मेलच्या आत असताना. आता मी बाहेर पडले होते. माझं नाव गेलं होतं आणि माझा डाग तिथेच बसून होता.

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे मरू दे. म्हातारे बाबा काय वाचणार. पण येत्या रविवारी कल्याण येणार होता.

कल्याण आमच्याच तालुक्यातल्या धावड्याचा, जालन्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करतो. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, दोन्हीकडून पसंती झाली होती, फोनवर बोलणंही चालू झालं होतं. मला तो आवडला होता. आवडला होता म्हणजे चांगलाच आवडला होता, उगाच आढेवेढे कशाला घेऊ. आईचं म्हणणं, डागाचं लग्न झाल्यावर सांग, आता कशाला विषय काढतेस. यावरून मी आईशी कडाक्याचं भांडले. साखरपुड्याच्या आधी, समोर बसून, माझ्या तोंडाने सांगायचं असं ठरवलं. तो नाही म्हणाला तर माझं ऐकून नाही म्हणू दे. दुसऱ्या कुणाचं ऐकून नको.

आणि आमच्याकडे पोरगी बघून गेल्यावरच खरी चौकशी सुरू होते. मुलाकडचा एखादा वडीलधारा न कळवता गावात येतो, चहा पितो, पाण्यापावसाच्या गप्पा काढतो आणि हळूच विचारतो, घर कसं, पोरगी कशी. पूर्वी हे किराणा दुकानात चालायचं. आता ऑनलाइनवाल्याकडे चालतं, कारण कुणाचं खरं वय काय, कुणाच्या नावावर कोणता सातबारा, कुणाचा कोणता अर्ज परत आला, हे सगळं त्याच्याच हाताखालून गेलेलं असतं.

मी बाहेर जाऊन उभी राहिले. परत आत आले. पुन्हा बाहेर गेले. समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि तो तसाच ठेवून उठले. प्रत्येक माणूस दुकानात शिरला की वाटायचं, आता हा वाचणार. माझं नाव तिथे नव्हतं हे कळत होतं, पण माझ्यानंतर बसलेल्याने ते पाहिलं तर आधी कोण उठून गेलं हे विचारायला कितीसा वेळ लागतो? राजूरमध्ये तर अजिबात लागत नाही.

शेवटी गर्दीतून वाट काढत आमेरभाईच्या कानाशी गेले आणि म्हटलं, मशीनमधलं मागचं सगळं पुसून टाका. त्याने हातातलं काम न थांबवता विचारलं, कशाला. आता याला काय सांगू? पुसायला लावायचं तर काय पुसायचं ते सांगावं लागणार होतं.

“असंच. माझा मेल उघडला होता ना,” मी म्हटलं.

“तुम्ही भायेर पडल्या ना त्यातून? मंग झालं की सिस्टर,” तो म्हणाला. “समदं पुसलं तर अर्ध्या राजूरचे पासवर्ड जातील. लोकाच्या ध्यानात कुठं ऱ्हातेत, ते या मशीनच्या ध्यानात हायेत. आज तर बिलकुल न्हाई.”

खोटं नव्हतं. आमच्याकडे लोक आपला पासवर्ड स्वतःजवळ ठेवत नाहीत, आमेरभाईच्या मशीनजवळ ठेवतात, शेजारणीकडे घराची किल्ली ठेवावी तसा. मीही एक-दोनदा ठेवला आहे. तेव्हा फार सोयीचं वाटलं होतं.

मी कोपऱ्यातून त्या पानावर डोळा ठेवून उभी राहिले. प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला ते नवीन काहीतरी दाखवायचं. मध्येच कापसाचा भाव, मध्येच कुणा नटीचं लग्न आणि पुन्हा डाग. एक मराठीत, एक हिंदीत, ‘चेहरे पर सफेद दाग, जल्दी इलाज’. एक तर लहान मुलांच्या डागांबद्दलचं होतं. ते मी कधीच शोधलं नव्हतं. पण या यंत्रांचं काय सांगावं, मला न झालेल्या पोरांचीही काळजी आत्तापासून करत असेल. संतापाने माझे कान तापले होते.

आणि तेवढ्यात तातेराव आत आले.

तातेराव म्हणजे कल्याणचे थोरले काका, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. बघायला आले तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले होते. मला पाहून थोडे चपापले, कारण ते कशाला आले होते ते मला कळलं आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. मी जय भीम घातला. त्यांनी जय भीम म्हणून सांगितलं की पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायचा आहे. भोकरदनला निघत नाही वाटतं हयातीचा दाखला, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

आमेरभाईने त्यांना खुर्चीवर बसवलं. मी पुढे होऊन पडद्याच्या आड उभी राहिले, तर आमेरभाई म्हणाला, सिस्टर, जरा बाजूला, उजेड येऊ द्या. झाले बाजूला. तो अंगठ्याचं यंत्र जोडायला वाकला आणि तातेरावांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. कंडक्टरकी करून समोर येईल ते वाचायची सवय लागलेली. वरपासून वाचत खाली आले.

“पांढरे डाग,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “हे कोनाचं हाय रे? कोन बसलं होतं इथं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, आता शपथेवर सांगता येणार नाही. मला तेव्हा पाहिल्यासारखं वाटलं.

आमेरभाईने मान वरही केली नाही. “माझंच हाय ते काका,” तो म्हणाला. “माझ्या लेकीसाठी बघून राह्यलो.”

मी थक्क झाले. या माणसाने मघाशी माझी धडपड पाहिली, पानावर काय आहे तेही पाहिलं आणि सगळं ओळखून स्वतःवर घेतलं. स्वतःवर नाही, चार वर्षांच्या पोरीवर. माझे डोळे भरून आले. मी तिथेच गप्प बसले असते तर निभावलं असतं.

पण तातेरावांनी जीभ चुकचुकवली. म्हणाले, “अरेरे. पोरीची जात हाय, आत्तापासून झाकून ठेवायला शिकवा. न्हाई तर उद्या कोन करील हिला?”

मंदिराला आलेल्या दोन बायका मागे उभ्या होत्या, त्यांनीही हळहळून मान हलवली. म्हणजे ती पोर उद्या बालवाडीत जाईल तेव्हा राजूरभर झालेलं असेल की आमेरच्या लेकीला कोड आहे. माझं झाकायला. मला ते सहन झालं नाही.

“ते तिचं न्हाई काका, माझं हाय,” मी म्हटलं. “माझ्या पाठीवर डाग हाय. मीच बघत होते. कल्याणला मी रविवारी सांगणारच होते.”

आमेरभाईने आता मान वर केली. तातेरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा खिशात ठेवला. अंगठा दिला, दाखला निघाला, तो घडी करून घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “बरं. कळवतो मंग.” कळवतो म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. ते रस्ता ओलांडून गेले.

मी आमेरभाईला म्हटलं, तुमचे उपकार झाले, पण माझ्यासाठी लेकीचं नाव घ्यायला नको होतं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. “तुमच्यासाठी?” तो म्हणाला. “सिस्टर, ते खरंच माझं होतं. तुम्ही भायेर पडल्या तवाच तुमचं समदं तुमच्यासंगं गेलं. मंग ते पान मशीनवर जे बघितलं तेच दाखवतं. अन् मशीनवर दिवसभर मीच ऱ्हातो. रमजानपासून तेच बघून राह्यलो.”

त्याने ते पान बंद केलं. मागे महजबीनचा फोटो होता. ईदचा फ्रॉक, हातात फुगा, आणि हसणाऱ्या ओठांच्या कडेला पांढरा ठिपका. कुठेही झाकलेला नाही, फोटो काढताना तोंड वळवलेलं नाही. सकाळपासून किती वेळा माझ्या डोळ्यांसमोर आला असेल तो फोटो. आणि मी नर्स! मी फक्त माझं काही दिसतंय का तेवढंच बघत होते.

“तिला जालन्याला दाखवलं का?” एवढंच मला विचारता आलं. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात नेतो, तुमचा डॉक्टर कोण ते सांगा. मी नाव सांगितलं. मोठ्याने सांगितलं. त्या दोन बायका अजून तिथेच होत्या.

बाहेर येऊन मी कल्याणला फोन लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. समोर बघितलं तर टपरीपाशी तातेराव माझ्याकडे पाठ करून उभे, कानाला फोन. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. इतके दिवस जपून ठेवलेलं, ते कुणी चोरलं नव्हतं, मीच नेऊन भलत्या माणसाच्या हातात दिलं होतं. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले.

तातेरावांनी फोन खिशात घातला. तेवढ्यात माझा वाजला. कल्याणच होता.

“दीपमाला, काका म्हणत होते की...” त्याने सुरुवात केली.

“काकांचं नंतर,” मी म्हटलं. “आधी माझं ऐका.”

तो म्हणाला, “बोला.”

रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, म्हणून मी दुसरा कान हाताने झाकला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.