हीटरचे पाइप

सगळे त्याला लाइनमन म्हणत. टेलिफोनच्या खांबांवर चढून त्यानं आयुष्यभर लोकांना एकमेकांशी बोलतं केलं, आणि स्वतःला लेकीशी चार शब्द बोलायचे तर नेमकं तिथंच घोडं अडायचं. ‘जेवलात का, गोळ्या घेतल्या का’ झालं की फोनवर दोन्हीकडून शांतता. त्यामुळे ‘मी तुझ्याकडे राहायला येऊ का?’ हा प्रश्न बायको गेल्यापासून त्याच्या पोटातच होता. विचारायचा तर तो गाडीत, असं त्यानं ठरवलं होतं. गाडीत दोघांची तोंडं रस्त्याकडे असतात, दुसऱ्याचा पडलेला चेहरा बघावा लागत नाही.

लेक कामासाठी शहरात यायची होती. सकाळी स्टेशनवर उतरायचं, दुसऱ्या टोकाला मीटिंग, संध्याकाळी परत. मधला रस्ता काय तो बापाच्या वाट्याचा. पण मागच्या थंडीत याच रस्त्यावर हीटरचा पाइप फुटला होता. बॉनेटमधून वाफा, आत कुडकुडायला लावणारा गारठा आणि मीटिंग बुडाली म्हणून धुमसणारी लेक. पुढच्या खेपेपासून टॅक्सी, असा तिनं कानाला खडा लावला होता. तेव्हापासून तो पाइप रबरी पट्ट्या गुंडाळून कसाबसा तग धरून होता. या वेळी लाइनमननं फोनवर गळ घातली, हीटर अगदी नवा करतो, मला थोडं बोलायचंही आहे. तेव्हा कुठं ती हो म्हणाली.

गॅरेजवाल्याचा सल्ला वेगळाच. म्हणे हीटरचं कनेक्शनच तोडून टाकू, कटकट मिटेल, एवढ्या जुन्या गाडीला हीटर म्हणजे नसते लाड. लाइनमनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नवे पाइप आणि क्लिपा काखोटीला मारून तो घरी आला.

काम अवघड नाही, पण घाईचंही नाही. इंजिन थंड होऊ दिलं, कूलंटचं पाणी बादलीत काढलं. गरम पाणी इंजिनातून हीटरकडे नेणारा एक पाइप आणि ते परत आणणारा दुसरा. फुटलेला पहिला. दुसरा वरून धडधाकट दिसत होता, पण क्लिपेजवळ दाबला तर बोट आत रुतलं. मग त्यालाही रजा. जुना पाइप हीटरच्या नळीला चिकटून बसला होता. असा पाइप पिळून ओढला तर ती पातळ नळीच मोडते आणि अख्खा डॅशबोर्ड खोलत बसावं लागतं. त्यानं चाकूनं पाइप उभा चिरला आणि साल सोलावी तसा अलगद काढला. मग जुन्याच्या मापानं नवा कापला, जोर लावून बसवला आणि पाहतो तर क्लिप हातातच! ती आधी ओवायची असते. स्वतःला एक शेलकी शिवी हासडून त्यानं पाइप पुन्हा काढला.

कूलंट भरलं, आता राहिली हवा. पाइपांत हवा अडकली की हीटर गारच फुंकतो. ती काढायला त्याच्या गाडीला दोन माणसं लागत. एकानं आत बसून ॲक्सिलरेटर दाबायचा, दुसऱ्यानं बॉनेटखाली पाइप दाबत बुडबुडे बाहेर काढायचे. इतकी वर्षं आत बायको बसायची. मांडीवर भाजी निवडत, नवऱ्याच्या गाडीवेडाची यथेच्छ टिंगल करत, पण पाय कसा अगदी बरोबर. लाइनमननं कूलंटच्या टाकीचं झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, पाइप मुठीत धरला आणि सवयीनं हाक दिली, “दे रेस!”

इंजिन आपल्याच तालात चालत राहिलं. वर केलेल्या बॉनेटमुळे आतली सीट दिसत नव्हती, आणि क्षणभर तो खरोखर वाट बघत थांबला. मग त्याला इतकं एकटं वाटलं, की पाइप सोडून तो गाडीच्या कडेला नुसता उभा राहिला.

शेवटी सीट आणि ॲक्सिलरेटर यांच्यामध्ये झाडूचा दांडा अडकवून त्यानं काम उरकलं. बुडबुडे गुडगुडत वर आले, कूलंटची पातळी उतरली, त्यानं पुन्हा भरलं, आणि आतून गरम वारा सुटला. त्या वाऱ्यात हात धरून तो बराच वेळ बसला. लेक नाही म्हणणार नाही, असं त्याला उगाचच वाटायला लागलं.

ठरल्या दिवशी त्यानं स्टेशनबाहेर गाडी आधीच तापवून ठेवली. लेक आली, गळ्यात पडली, किती वाळलात म्हणाली आणि टॅक्सीत बसावं तशी मागे बसली. मागे लॅपटॉप नीट उघडता येतो. मीटिंगआधी एक कॉल होता, पाच मिनिटांचा.

पाच मिनिटं लांबत लांबत पुलापर्यंत आली आणि पूलही ओलांडून गेली. लाइनमन आरशातून तिच्याकडे बघत होता, आपलं वाक्य जिभेवर घोळवत होता. मध्येच कॉल थांबल्यासारखा वाटला. त्यानं मनाचा हिय्या करून घसा खाकरला.

“बाबा, हीटर बंद करता का जरा? पलीकडे आवाज जातोय.”

त्यानं हीटर बंद केला. गाडी हळूहळू गार होत गेली. बोलता बोलता लेकीनं कोट गळ्यापर्यंत ओढून घेतला, पण तिला ते कळलंही नाही.

मीटिंगच्या इमारतीसमोर गाडी थांबली तेव्हा कुठं कॉल संपला. लेकीनं भराभर सामान आवरलं, दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला आणि थबकली.

“बाबा, तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं ना?”

तिचा दुसरा पाय अजून गाडीत होता. नजर मात्र पायऱ्यांकडे होती.

“हेच गं,” तो म्हणाला. “हीटर दुरुस्त केला म्हणून सांगायचं होतं.”

“छान केलंत,” ती म्हणाली, अगदी मनापासून म्हणाली, आणि धावत पायऱ्या चढून गेली.