लाल दिव्याची ऊब

माझ्या यंत्राला आमच्या संघात दोन नावं होती. मुली त्याला 'टोस्टर' म्हणत आणि सर, म्हणजे आमचे प्रशिक्षक, 'मॅडमचं लाडकं लेकरू'. दोन्ही नावांकडे मी कानाडोळा करायचे. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींच्या पोटऱ्यांना, मांड्यांना बांधायचे ते पॅड. त्यांतून लाल प्रकाश पडतो आणि त्याच्यासोबत डोळ्यांना न दिसणारा दुसरा एक. आत खोलवर पोचतो तो हा दुसराच. ते यंत्र घ्यावं म्हणून मी क्लबच्या कमिटीशी वर्षभर भांडले. "आता दिवे ओवाळून पाय बरे करणार का?" असं विचारून हसले होते सगळे. पण यंदा लागोपाठ सामने होऊनही मुलींचे पाय कमी आखडले आणि हसणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली. फिजिओथेरपिस्टला कोण कशाला टाळ्या वाजवतं? मला त्या टोस्टरनं त्या मिळवून दिल्या होत्या.

अंतिम सामन्याच्या दिवशी, मुली कोर्टवर जायला निघाल्या असताना, तोच टोस्टर मेलाय हे मला कळलं.

न दिसणारा प्रकाश तपासायची युक्ती सोपी आहे. मोबाइलचा कॅमेरा पॅडसमोर धरायचा, म्हणजे पडद्यावर फिकट जांभळी चमक दिसते. ही तपासणी रोज करायची असते. मी ती कधीपासून सोडून दिली, देव जाणे. लाल दिवे पेटत होते, तेवढ्यावर मी खूश. मध्ये एकदा कॅप्टन म्हणालीही होती, "मॅडम, पॅड गारच लागतोय आज." "एसी बंद करू का राणीसाहेब?" म्हणत मी तिला उडवून लावलं होतं. आज सहज फोन समोर धरला, तर पडद्यावर नुसता लाल रंग. जांभळ्याचा पत्ताच नाही. मी फोन जवळ नेला, लांब नेला, तरी तेच.

आणि तो पॅड टाचेला बांधून टोळ माझ्या खोलीत आडवी पडली होती.

टोळ म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. धड चालता येईना तेव्हापासून उड्या मारायची, म्हणून हे नाव मीच ठेवलं आणि आता सगळा संघ तिला तेच म्हणतो. संघाची मुख्य स्मॅशर तीच. काही दिवसांपूर्वी तिच्या डाव्या टाचेवरची जाड शीर, म्हणजे टेंडन, सुजली होती. मी तेव्हाच बजावलं होतं, दुखणं राहिलं तर खेळ बंद. ही शीर तुटली तर ऑपरेशन, आणि नंतर पूर्वीसारखी उडी येईलच असं कोणी सांगू शकत नाही. मग रोज पॅड बांधला. आठवड्याभरात टोळ म्हणाली, दुखणं गेलं. मीही छाती फुगवून सरांना सांगितलं, "खेळेल ती. दिव्यानं बरी झाली."

दिवा तर बंद होता. मग ही बरी झाली कशानं? नुसत्या विश्वासानंही दुखणं हलकं होतं, हे मी पाहिलेलं आहे. तसं असेल तर ठीकच. नाहीतर पोरगी साफ खोटं बोलत होती. आज राष्ट्रीय संघाची निवड करणारी मंडळी सामना बघायला येणार होती, आणि याच दिवसासाठी टोळनं शाळेपासून जिवाचं रान केलं होतं.

मी फोन खिशात टाकला. "काय गं, पॅड कसा लागतोय?"

"मस्त."

"ऊब येतेय ना?"

"हो गं, छान ऊब येतेय. रोजच्यासारखी."

मी पॅडच्या आत हात घातला. फरशीसारखा गार.

"ऊठ. एका पायावर उभी राहा आणि टाच उचल."

तिनं उचलली. पुन्हा उचलली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "झालं समाधान, मावशी?"

"या खोलीत मी मावशी नाही."

"बरं, मॅडम. झालं का समाधान?"

मी खाली बसून तिची टाच हातात घेतली. "इथं दुखतंय?"

"नाही."

मी अजून दाबलंही नव्हतं.

"टोळ, यंत्र बिघडलंय. कधीपासून ते मलाही माहीत नाही. ऊब येणं शक्यच नाही."

तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मग मला तसं वाटलं असेल! दुखत नाही म्हटलं ना? आईची शपथ."

"तिला मध्ये आणू नकोस. ती माझी बहीण आहे."

"तुझा टोस्टर बिघडला आणि शिक्षा मला?" ती ओरडली. "सरांना काही सांगितलंस ना, तर आयुष्यात बोलणार नाही तुझ्याशी."

मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. गप्प बसणं किती सोपं होतं! पोरगी नाही म्हणतेय, टाच उचलतेय, मी कोण आडवी येणारी? पण ती शीर मला बोटांखाली जाणवत होती. मी बाहेर आले.

सर बोळात फेऱ्या मारत होते. मी म्हणाले, "टोळला बसवा."

"का? काल तर तुम्हीच म्हणालात..."

"काल मी मूर्खपणा केला. यंत्र बंद पडलंय. मी तपासलंच नव्हतं." हे बोलताना माझे कान तापले. "गार पॅडला ती उबदार म्हणाली. खोटं बोलतेय ती."

"पुरावा एवढाच?"

"एवढाच."

"तुमचं चुकलं असेल तर तिची संधी गेली. आणि हरलो तर सगळं तुमच्या माथी."

"येऊ द्या माझ्या माथी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं. पण बाकीच्यांना यंत्राचं कळू देऊ नका. गार तर गार, त्यांचे पाय हलके झालेत."

टोळ बाकावर माझ्या शेजारी बसली, म्हणजे बसवली गेली. मी बर्फाची पिशवी पुढे केली, तिनं पाय ओढून घेतला. तिच्या जागी खेळणाऱ्या लंबूटांग मुलीचे पहिले दोन स्मॅश जाळ्यात अडकले. मागून कुणीतरी टोळच्या नावानं ओरडलं. तिनं मान खाली घातली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच दुखत नसेल तर? बहिणीला मी काय तोंड दाखवणार होते?

सामना पाचव्या सेटपर्यंत लांबला. एकेका गुणासाठी ओढाताण चालली होती. शेवटी एका लांबलेल्या रॅलीत कॅप्टननं चेंडू उंच दिला, लंबूटांग हवेत झेपावली आणि आमचा सगळा बाक एकदम उडाला. टोळसुद्धा. त्या क्षणी ती माझ्यावरचा राग विसरली, निवडसमितीला विसरली, आणि सोंग आणायलाही विसरली.

ती एकाच पायावर उडाली आणि त्याच पायावर खाली आली. डावा पाय तिनं वरच धरला होता, जमिनीला लागू न देता.

गुण कुणाला मिळाला ते मी पाहिलंच नाही. मी तिच्या पायाकडे बघत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पायाकडे, आणि हळूच बसली. सभोवती नुसता गलका चालला होता. तिनं बुटाची नाडी सोडली, पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि डोळे घट्ट मिटले.

"खूप दुखतंय गं, मावशी," ती म्हणाली.