हार घातलेली सात नंबर

"अप्पा, कुणी चढंना की," कुंडलिक कंडक्टर मागून म्हणाला.

ड्रायव्हर गुरुसिद्धप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. थांब्यावरच्या पंधरा माणसांनी बसला भक्तिभावाने हात जोडले होते आणि ती माणसं आता मागच्या बसची वाट बघत होती.

सात नंबर ही बस १९४९ सालची, पुढून हँडल मारल्याशिवाय जागी न होणारी. तिच्या बरोबरीच्या भंगारात गेल्या; ही आठवण म्हणून डेपोत जपलेली. तिला पंचवीस वर्षं झाली म्हणून डेपोच्या साहेबांनी ती आठवडाभर स्टेशन ते बाळे गाव या मार्गावर सोडली. माणसं बसली तर पुढेही चालेल, नाहीतर ऑफिससमोर चौथऱ्यावर उभी राहील. गुरुसिद्धप्पांची नोकरी दोन महिने उरली होती. नवी कोरी असताना ती त्यांनीच पहिल्यांदा चालवली होती. आपल्या आधी तिने रिटायर व्हावं हे त्यांना पटेना. म्हणून पहाटे तिला धुऊन त्यांनी पुढच्या जाळीवर भस्माचे पट्टे ओढले, झेंडूचा हार घातला. घोटाळा तिथेच झाला.

शेवटी केराबाई नावाची भाजीवाली पुढे आली.

"चढ की, मावशे," कुंडलिक म्हणाला.

"चढते रं. पर देवाच्या गाडीत चपला घालून कसं यावं?"

तिने चपला थांब्यावर काढल्या आणि बाकडी रिकामी असताना खाली बसली. रीत कळल्यावर बाकीचेही चढले. बाळ्याला उतरल्यावर मात्र डांबर तापलेलं. सगळे त्याच गाडीने चपला आणायला स्टेशनला परत आले. कामं बाळ्याला राहिलेलीच, म्हणून चपला हातात घेऊन पुन्हा बसले.

"अप्पा, ही मानसं जात्यात का येत्यात?"

"मला काय इचारतोस? हँडल मार."

हार काढावा, तर माणसं चढायची थांबतील. ठेवावा, तर ही काय बस झाली? गुरुसिद्धप्पांना काही उलगडेना. रोज ते ताजा हार घालत राहिले. गाडी भरून वाहू लागली.

शनिवारी साहेब आले. गर्दी पाहून त्यांनीही बूट काढले आणि मोज्यांवर बाळ्यापर्यंत उभ्याने गेले.

"गुरुसिद्धप्पा, लोकांची एवढी श्रद्धा असलेली गाडी खड्ड्यांतून कशी फिरवायची? उद्या कुठे आपटली तर लोक मला सोडतील?"

"पन साहेब, मानसं बसली की."

"बसली ना. म्हणूनच."

न बसती तरी चौथरा, बसली तरी चौथराच. याचा अर्थ लावण्यात गुरुसिद्धप्पांचे दोन महिने संपले.

शेवटच्या दिवशी सत्काराचा नारळ काखेत धरून ते चौथऱ्यावर चढले. सात नंबरच्या गळ्यातला हार उतरवला, धोतराच्या सोग्याने भस्म पुसलं आणि पायताणासकट आत जाऊन स्टीअरिंगमागे बसले. इंजिन केव्हाच काढून नेलं होतं. तरी क्लच दाबून त्यांनी पहिला गिअर टाकला.

रस्त्यावरून केराबाई चालली होती. ती थबकली. रिकाम्या गळ्याच्या गाडीकडे तिने नीट पाहिलं, भाजीची पाटी कमरेवर घेतली आणि चपला घालूनच चढून बाकड्यावर बसली.

"बाळ्याला जाती न्हवं?"

"जाती," गुरुसिद्धप्पा समोर बघत म्हणाले. "बसा."