फरंगीस खालांचा स्नोबोर्ड

फरंगीस खाला म्हणाल्या, "घेऊन जा, तुझाच आहे," आणि परस्तू तो खरंच घेऊन आली. सगळा घोटाळा इथेच झाला.

तेहरानात कुणी असं म्हटलं की तीनदा नाही म्हणायचं असतं. यजमानाने तीनदा आग्रह करायचा, पाहुण्याने तीनदा मान हलवायची, आणि वस्तू जागची हलत नाही. याला तआरोफ म्हणतात आणि ते शेंबड्या पोरालाही कळतं. परस्तूलाही कळत होतं. ती दक्षिणेतल्या तापत्या आबादानची खरी, पण चार वर्षं इथल्या इस्पितळात नर्स होती. शुक्रवारी सकाळी ती मैत्रिणीला, गुलनूशला घ्यायला पहिल्यांदाच वर तिच्या घरी गेली, दाराशी उभा असलेला निळा स्नोबोर्ड बघून "काय सुंदर आहे!" म्हणाली. गुलनूशच्या आईने, म्हणजे खालांनी, घेऊन जा म्हटलं. ही नको म्हणाली. त्यांनी पुन्हा म्हटलं, हीही पुन्हा नको म्हणाली. तेवढ्यात खाली तिसऱ्या मैत्रिणीने, शीदाने गाडीचा भोंगा दाबून धरला, खालांनी बोर्ड हिच्या हातात कोंबला, आणि तिसरा नकार घशातच राहिला.

डोंगरात, दिझीनच्या बर्फाच्या उतारावर पोचल्यावर मात्र मजा आली. परस्तूने जन्मात एवढा बर्फ पाहिला नव्हता. दोन्ही पाय त्या फळीला आवळून बांधल्यावर ती उभी राहायची आणि लगेच बसायची.

"पायाकडे काय बघतेस? पाय कुठे पळून जात नाहीत," शीदा ओरडली. "गुडघे वाकव. टाचेवर जोर दे."

"देतेय गं बाई!"

"आबादानची ना तू? तुमच्याकडे म्हणे सगळ्यांना सगळं येतं."

"येतंच. फक्त उन्हाळ्यात येतं," परस्तू म्हणाली आणि पुन्हा आपटली.

सतराव्यांदा पडून झाल्यावर, कसं कुणास ठाऊक, फळी तिचं ऐकायला लागली. ती आडवी घसरत खाली आली, टाचा रोवल्या आणि चक्क थांबली. शीदाने शिट्टी मारली. परस्तूला वाटलं, आता मेले तरी चालेल.

मग उताराच्या कडेच्या टपरीपाशी गरम आशचे, म्हणजे दाट सूपचे वाडगे घेऊन बसल्यावर गुलनूशने तोंड उघडलं.

"सकाळपासून सांगू की नको चाललंय. बोर्ड कावेचा आहे."

कावे म्हणजे तिचा भाऊ. सहा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला तो गेलाच.

"तो गेल्यापासून आईने बोर्ड हलवला नाही. मला वाटलं, तू तिसऱ्यांदाही नको म्हणशील. निघताना मी वर बघितलं तर ती खिडकीत उभी राहून रडत होती."

परस्तूने वाडगा खाली ठेवला. एका आईच्या दारातून तिच्या मुलाची आठवण उचलून आणायची आणि वर त्यावर सतरा वेळा आदळायचं! तिला स्वतःची शिसारी आली. आता त्याला पायसुद्धा लावायचा नाही, पुसायचा, गाडीत ठेवायचा आणि जसा आणला तसा परत द्यायचा, असं तिने ठरवलं. ती तशीच उठली. बर्फात रोवून ठेवलेला बोर्ड तिने उपटला, सपाट ठेवला आणि पुसण्यासाठी गळ्यातली शाल सोडायला दोन्ही हात वर केले.

बोर्ड निघाला.

"अगं धर, धर!" शीदा किंचाळली, पण तो कधीच हाताबाहेर गेला होता. तिघी धडपडत त्याच्यामागे धावल्या. खाली नवशिके बसले होते, माणसं भराभर बाजूला झाली, आणि बोर्ड माणसांना वर नेणाऱ्या पाळण्याच्या लोखंडी खांबावर जाऊन आदळला. कुणाला लागलं नाही, हेच नशीब. पण टोकाशी बोटभर तुकडा उडाला होता.

परतीच्या वाटेवर गाडीत शीदा म्हणाली, "फुटकी बाजू भिंतीकडे करून ठेवू या. कुणाला कळतंय?"

"फोडला मी, सांगणारही मीच," परस्तू म्हणाली.

खालांनी दार उघडलं तशी ती एका दमात सगळं बोलून गेली. खालांनी चष्मा लावला, तुटक्या कडेवरून बोट फिरवलं.

"परत कशाला आणलास?" त्या म्हणाल्या. "सहा वर्षं दारात येईल त्याला सांगतेय, बाबांनो, घेऊन जा. सगळ्यांना वाटतं, म्हातारी तआरोफ करतेय."

"मग सकाळी रडत का होतीस?" गुलनूशने विचारलं.

"सुटले म्हणून रडले. दिवसातून वीसदा याच्यासमोरून जायचं आणि वीसदा वाटायचं, आत्ता येईल आणि उचलेल. तो नाही यायचा, पोरी. तिकडे घर घेतलंय त्याने. मला कळतं, पण स्वतःच्या हाताने बाहेर काढवेना."

परस्तू मटकन उंबऱ्यातच बसली. छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं झालं, आणि ती हसतही होती, रडतही होती. खालांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. जेवण मांडलेलंच होतं.

"किती वेळा पडलीस?"

"सतरा."

"कावे पहिल्या दिवशी चाळीस वेळा पडला होता. आणि घरी येऊन म्हणतो काय, बर्फच खराब होता," खाला म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

गुलनूश आईकडे बघतच राहिली. कावेचं नाव निघालं की ही बाई ताटावरून उठायची. आज तिने दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.