दोन बोटांतला खिळा

रूथबाईंची चाहूल आधी नाकाला लागायची. ओल्या सकाळी डेटॉलचा आणि उकळलेल्या कडुलिंबाचा वास गल्लीत शिरला, की मागोमाग त्यांच्या मलमपट्टीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचं झाकण खडखडे, आणि आमची आई पलंगावरून पाय खाली सोडत म्हणे, "आल्या बाई." ठेंगणी, सावळी मूर्ती, पांढरं सुती पातळ, घोट्यापर्यंत चिखल, पण हात इतके निर्मळ की त्यांच्याकडे पाहताना नुकती घासलेली समई आठवावी. मिशनच्या दवाखान्यातली नोकरी संपली होती, सेवा मात्र संपत नव्हती. निम्म्या पांढुर्ण्याच्या जखमा त्यांच्या ओळखीच्या होत्या.

त्यांनी कधी चौकात उभं राहून प्रवचन दिलं नाही. पट्टीची गाठ मारता मारता एखादं वाक्य, तेही हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तसं, "येशूनं तुमचं ओझं कवाच उचललं, तुमी काहून वाहून राह्यले?" आणि डबा बंद. बाजारातली टवाळ मंडळी म्हणत, "बाईची पट्टी आन् बाईचा येशू, दोन्ही फुकट!" बाई खळखळून हसत. "फुकटच हाय, म्हणून तं कोणी घेत नाही," म्हणत आणि पुढच्या घरी जात.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो, चोविशीतला, अंगात रग मावत नसलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीत गोटमार होते: मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि आकाशातून दगडच दगड. गावाचा जुना न्याय असा, की गोटमारीच्या गोट्याला नाव नसतं. कोणाचा कोणाला लागला, हे विचारायचं नाही, मनात ठेवायचं नाही. केवढी सोय बघा! पण माझ्या हातून सुटलेला तो गोटा मी डोळ्यांनी जाताना पाहिला. रूथबाईंचे यजमान शमुवेल खेळायला आले नव्हते. ते पाण्यात वाकून एका घायाळ माणसाला उचलत होते. त्यांचा उजवा डोळा त्या दुपारी गेला.

शमुवेल संत्र्याच्या पेट्या ठोकत. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येईना. हातोडी खिळा सोडून अंगठ्यावर बसे, आणि त्यांचं नख कायमचं काळंनिळं पडलं. बाजारातून जाताना मला दुसरं काही दिसतच नसे. आणि एवढ्यावर भागलं असतं तर! आईच्या पायाला साखरेच्या आजाराची जखम झाली, ती चिघळली, आणि दर दिवसाआड ती धुवायला आमच्या ओट्यावर कोण येणार? रूथबाईच. त्या गुडघे टेकून आईचा पाय मांडीवर घेत, आणि मी खांबाला टेकून, मेल्याहून मेल्यासारखा उभा.

कार्तिकातल्या एका सकाळी मला ते सोसवेना. त्या गाठ मारत होत्या आणि मी बोलून गेलो, "बाई, तो गोटा माझा होता."

त्यांचे हात थांबले.  मग त्यांनी गाठ पुरी केली, आईचा पाय अलगद उशीवर ठेवला, आणि डबा बंद करून निघून गेल्या.

पुढच्या पाळीला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. आई विचारी, "बाईंना काय झालं रे?" मी धांदरटासारखा स्वतः पट्टी बांधी आणि ती तासाभरात सुटून पडे. मला वाटलं, संपलं. लोकांना सांगायला सोपं असतं, पण स्वतःच्या घरावर आलं की कोणाचाही देव गप्प होतो. असं वाटल्यावर मला सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. उलट भीतीच वाटली: मग माझं ओझं कोण उचलणार?

तिसऱ्या पाळीला कडुलिंबाचा वास आला. डोळे सुजलेले. आईची जखम धुऊन झाल्यावरच त्या बोलल्या. "मास्तर, लई राग आला मले. पाच दिवस प्रार्थनेले तोंड उघडलं नाही. गावभर सांगत फिरते का माफी भेटते, आन् तुमच्या दारी माह्याच तोंडाले कुलूप! मले जे फुकट भेटलं, थे तुमाले नाही म्हणू तं मंग आजवर सांगितलं काय?" त्यांनी डोळे पुसले. "मी माफ केलं. पण डोया त्याईचा गेला. घरी चला. तुमीच सांगा."

अंगणात चिरलेल्या फळ्यांचा वास होता आणि कोवळं ऊन. शमुवेल पेटी ठोकत बसले होते. मी सगळं सांगितलं.  त्यांनी पुढची फळी पेटीवर जुळवून ठेवली. मग म्हणाले, "मास्तर, बसा. खिळा धरा."

मी उजव्या हाताच्या दोन बोटांत खिळा धरला. हातोडी वर गेली. डोळा घेतलेला हात त्यांच्यापुढे होता, आणि हातोडी त्यांच्याकडे. मी डोळे घट्ट मिटले.

"डोये काहून मिटता?" शमुवेल म्हणाले. "माह्याजवळ एकच हाय, थो बी उघडा हाय."

घाव नेमका खिळ्यावर बसला. मी ओक्साबोक्शी रडलो, लाज सोडून. त्या हंगामात रोज शाळा सुटल्यावर मी खिळे धरले, ते हातोडी खिळ्यावर टेकवून अंदाज घेत, आणि एकदाही बोटाला लागलं नाही. पुढल्या गोटमारीला मी गोटा उचलला नाही. रूथबाईंचा डबा उचलला, दोन्ही काठांवर.

आता दोघंही नाहीत. डबा माझ्याकडे आहे. झाकण अजून तसंच खडखडतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी काठावर बसतो, आणि गाठ मारता मारता, समोर जो असेल त्याला सांगतो, की माझ्या गोट्याला नाव होतं, आणि तरी मला माफी कशी फुकट मिळाली. काळ माणसं नेतो, त्यांचा वास नेतो, आवाजही हळूहळू नेतो. पण या दोन बोटांत तो खिळा अजून उभा आहे, आणि मी आता डोळे मिटत नाही.