दोन शब्दांच्या मधली बोरघिल्ड

मी एक कॅसेट बोलतेय. मिनेसोटातल्या एका विद्यापीठात, लोखंडी कपाटात, कुलपाआड पडलेय. जीव नुसता गुदमरतोय इथे.

जन्म माझा कारखान्यातला, पण आवाज दिला तो बोरघिल्डने. नॉर्वेहून इकडे शेती करायला आलेल्यांची ही लेक. एका प्राध्यापकाने तिच्या स्वयंपाकघरात मला चालू केलं आणि तिला थोडे शब्द वाचायला दिले. पण बाई नुसतं वाचेल तर शपथ! 'एप्लेत्रे' म्हणजे सफरचंदाचं झाड. तो शब्द आला की हिला परसातलं झाड आठवायचं, मग हसू, मग मध्येच लेकीला हाक, "इंगर, दूध उतू जातंय, बघ गं!"

पुढे कित्येक वर्षं मला कुणी विचारलं नाही. पुण्याहून पीएचडीला आलेल्या हिमानीने बाहेर काढलं, तेव्हा कोण आनंद झाला मला. तिचा विषय नॉर्वेजियन जोडशब्द. 'एप्ले' कुठे संपतं, 'त्रे' कुठे सुरू होतं, जोर पहिल्या 'एप'वर किती पडतो आणि मागचा 'त्रे' किती दबून येतो, हे ती स्क्रीनवर रेघा मारून बघायची. पोरगी हुशार, कामाला वाघ. पण शब्द आला की कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची आणि बोरघिल्ड गप्पांना लागली की बंद.

"बाकीचं घेत नाहीयेस?" शेजारच्या टेबलावरून निमिषने विचारलं.

"नको यार, नुसता नॉइज आहे तो."

नॉइज म्हणे! असा राग आला मला.

एक दिवस माझी जुनी फीत मशीनमध्ये गुंतली. पुन्हा वाजवली तर तुटेल, म्हणून मला इथे कोंडलं.

आज इंगर आली, आईचा आवाज ऐकायला. आता तीच म्हातारी झालीय. एक कान गेलाय, दुसराही लवकरच जाईल असं डॉक्टर म्हणालेत. हिमानीने तिला कापून ठेवलेले शब्द ऐकवले.

"आवाज तिचाच आहे," इंगर म्हणाली. "पण आई अशी बोलायची नाही."

हिमानीचा आवाज एकदम पडला. "ओरिजिनल रिपेअरला पाठवते. काही महिने लागतील," ती कशीबशी म्हणाली.

महिने? अगं, तोवर हिचा कान थांबणार आहे का? हिमानी, कुलूप काढ. तुटले तर तुटले, मला जपून काय लोणचं घालायचंय? एकदाच वाजव. ती बाहेर बाकावर बसलीय, आणि तिला अजून ऐकू येतंय.