मयताला ठसका

संवाद पाठ होत नाहीत म्हणून फीफीला मयताची भूमिका मिळाली. काव्य आणि नाटकाच्या पहिल्याच पेपरात तो मागे एकदा आपटला होता. यंदा वर्गाने नाटक करायचं आणि मग प्रत्येकाने त्यावर पानभर लिहायचं होतं. पुन्हा नापास झाला तर समुद्रकाठच्या सॉल्टपाँडचं कॉलेज सोडून काकाच्या मासेमारीच्या होडीवर जायचं, असं घरी ठरलेलं. फीफीला होडी लागते. म्हणून तो अगदी मन लावून मेला.

नाटकात बापाच्या मयताशेजारी पोरं घरावरून भांडतात. प्रयोग आंब्याखाली होता, गाव लोटलेला. भांडण रंगात आलं तेवढ्यात कॉलेजच्या गेटाशी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकणारी एकुवा मावशी तरातरा मंचावर चढली. त्यात नवल काही नव्हतं. इथे नटी रडली की लोक वर जाऊन तिला संत्रंसुद्धा देतात.

"मेल्यांनो, लाजा नाहीत?" ती कडाडली. "बाप गेला आणि घोटभर पाणी कुणी पाजलं नाही!"

"मावशी, आता तो मेलाय," थोरला कुजबुजला.

"म्हणून तहान जाते का रे?" म्हणत तिने तुंब्यातलं पाणी फीफीच्या तोंडात ओतलं.

फीफीने जमेल तितका वेळ मेलेलं राहून पाहिलं. मग ठसका लागला आणि तो उठून बसला. गाव नाचायला लागला. थोरल्याचं घरावरचं लांबलचक भाषण बाकी होतं, तो एवढंच म्हणाला, "बाबा, बरं वाटतंय ना?"

पडदा पडला आणि फीफीचं धाबं दणाणलं. त्यात लेखी प्रश्न आला: 'नाटकाचा कळस कोणता?' त्याने खरं तेच लिहिलं. 'माझे डोळे मिटलेले होते. जे ऐकलं त्यावरून कळस म्हणजे ठसका. त्याआधी सगळ्यांना घर हवं होतं. नंतर सगळ्यांना बाप हवा झाला, निदान लोकांदेखत.'

नाटक शिकवणाऱ्या बायदू मॅडमनी त्याला बोलावलं. "एकही संवाद नसताना तू माझं नाटक मोडलंस."

"हो, मॅडम." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "तुमचं?"

"मीच लिहिलंय. कळस कुठे आहे, मलाही सापडत नव्हता." त्यांनी पेपरावर सही ठोकली. "पास. जा."

फीफीचा जीव भांड्यात पडला. गेटाशी मावशीने त्याच्यापुढे गरम केंके आणि तळलेला मासा ठेवला.

"सावकाश खा. पाणी देऊ?"

"नको!"

समोर काकाची होडी त्याच्याशिवाय समुद्रात चालली होती. तिच्याकडे बघूनही त्याला मळमळलं नाही.